जेवणाचं टेबल आणि लढाईचं टेबल



आज स्वयंपाकघरातलं काही नाही, पर्वाचंही नाही. मुलाच्या खेळासाठी घरात टेबल घ्यायचं का, आणि घ्यायचं तर कसलं, या प्रश्नाने आमच्या घरात तीन महिने खाल्ले. वरवर साधा वाटणारा हा प्रश्न साधा नव्हता, म्हणून लिहिते आहे.

सुरुवात एप्रिलमधल्या एका शनिवारी झाली. नववीची परीक्षा नुकतीच संपली होती. लेकाने दोन मित्रांना बोलावून तीन वाजता जेवणाच्या टेबलावर खेळ मांडला. मी कामासाठी बाहेर होते, हे गावाला गेलेले. पुण्यात एप्रिलमध्ये सूर्यास्त पावणेसात ते सातच्या दरम्यान होतो. मी घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. मुलं टेबलाभोवती वाकून उभी, कुकर गॅसवर तसाच झाकलेला, आणि सासूबाई त्यांच्या खोलीत जपमाळ घेऊन बसलेल्या. मी विचारलं, "आई, जेवलात ना?" त्या म्हणाल्या, "राहू दे गं. पोरं रंगली होती, कशाला उठवायचं." गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसून जेवता येत नाही. टेबल अडलेलं होतं आणि सूर्य थांबणार नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांनी पाण्याचा थेंबही घेतला नाही.

लेकाला हे कळलं तेव्हा त्याचं तोंड उतरलं. "आजीने सांगितलं असतं तर पाच मिनिटांत उचललं असतं," तो म्हणाला. खरं बोलत होता. पण मला वाटलं, आजीवर सांगायची वेळच का यावी?

आता खेळाबद्दल थोडं, कारण तुमच्यापैकी बहुतेकींनी तो पाहिलेला नसेल. त्याचं नाव वॉरहॅमर ४०,०००. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीचा हा खेळ १९८७ साली आला. माझे धाकटे दीर तिकडे असतात, त्यांनी पहिला खोका भेट म्हणून आणला. बोटाच्या दोन पेरांएवढे प्लास्टिकचे सैनिक सुटे सुटे येतात. ते मुलांनी स्वतः चिकटवायचे, स्वतः रंगवायचे. मग टेबलावर पुठ्ठ्याच्या पडक्या भिंती, टेकड्या मांडायच्या, टेपने इंच मोजत सैनिक पुढे न्यायचे आणि फासे टाकून निकाल लावायचा. मोठा डाव तीन-चार तास चालतो. त्याला निदान ४४ इंच रुंद आणि ६० इंच लांब जागा लागते. आमचं जेवणाचं टेबल ६० बाय ३६. म्हणजे लांबीला बरोबर, रुंदीला आठ इंच कमी.

मी टेप घेऊन मोजायला लागले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "टेबलाचं नंतर बघू. आधी हे सांग, हा खेळ आपल्या घरात असावा का?"

त्यांनी यशोधर राजाची आठवण करून दिली. सोमदेवसूरींनी इ.स. ९५९ मध्ये 'यशस्तिलक चंपू' लिहिलं, त्यातली ही कथा आपण लहानपणी ऐकलेली आहे. राजाला जिवंत प्राण्याचा बळी द्यायचा नव्हता. त्याच्या आईने मधला मार्ग काढला, पिठाचा कोंबडा करून तो देवीपुढे कापायचा. रक्ताचा थेंब सांडला नाही, तरी मायलेकांना कितीतरी जन्म पशुयोनीत भटकावं लागलं. कारण कापताना मनात संकल्प मारण्याचाच होता. सासूबाई म्हणाल्या, "तो पिठाचा, हा प्लास्टिकचा. आणि मार्ग काढणारी तिथेही आईच होती बरं."

हे वाक्य मला चांगलंच लागलं. त्यांनी अनर्थदंडाचाही मुद्दा काढला. शेतीत, स्वयंपाकात, धंद्यात हिंसा घडते, ती गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही. पण जे गरजेचं नाही, त्यात लढाई, बंदुका, मारामारी घरात कशाला आणायची?

लेक पाठशाळेत शिकलेलं विसरलेला नव्हता. तो म्हणाला, "आजी, भरत-बाहुबलींनीसुद्धा सैन्य बाजूला ठेवून आपापसांतच निकाल लावला ना? मग खरं सैन्य न मारता निकाल लावणं वाईट कसं?" आजी म्हणाली, "बाहुबलींनी जिंकूनही भावाला अलगद खाली ठेवलं आणि सगळं सोडून गेले. तू जिंकल्यावर काय करतोस? ओरडतोस." सगळे हसलो. पण विषय संपला नाही.

मी बरेच दिवस विचार केला. माझं मत असं झालं आहे. यशोधराच्या कथेत दोष पिठाचा नव्हता. बळी दिल्याचं फळ मिळावं म्हणून त्या पिठात जीव कल्पून तो कापला गेला, दोष तिथे होता. माझे सासरे चाळीस वर्षं बुद्धिबळ खेळले. त्यातही हत्ती, घोडे, वजीर पटावरून जातात, पण त्यांच्या मनात मारण्याचा भाव असल्याचं आम्हाला कधी जाणवलं नाही. त्यांच्या मनात फक्त पुढची चाल असायची. लेकाच्या खेळातही बराच वेळ तेच चालतं: कुठली तुकडी कुठल्या भिंतीआड ठेवू, किती इंच जाऊ, फासे वाईट पडले तर काय. पण 'बराच वेळ' म्हणजे 'सगळा वेळ' नाही. पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनात कधी काय येईल हे सांगता येत नाही, आणि हा खेळ बुद्धिबळाइतका कोराही नाही. त्यातली चित्रं, नावं, गोष्टी भडक आहेत. म्हणून मी खेळाला सरसकट होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. तो माझ्या कानावर पडत राहील अशा ठिकाणी व्हावा, एवढं म्हणते. इथूनच टेबलाचा प्रश्न पुन्हा सुरू झाला.

बऱ्याच जणींचा पहिला सल्ला होता, "त्याच्या खोलीत मांडू दे, दार लाव, डोक्याला ताप नको." मला हे अजिबात पटत नाही. दारामागे काय बोललं जातं, कुठली भाषा तोंडात येते, हरल्यावर कोण कोणाला काय म्हणतं, हे आपल्याला कळत नाही. आमच्या घरात तरी खेळ हॉलमध्येच होणार हे ठरलं.

दुसरा सल्ला जमिनीवर खेळण्याचा. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ साली अशा खेळावर 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहिलं. तो आणि त्याचे मित्र जमिनीवरच रांगत खेळायचे. शेवटी त्याने लिहिलं आहे की खऱ्या युद्धापेक्षा हे खेळण्यातलं युद्ध कितीतरी बरं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं, हे मनाला लागतं. पण आपल्या घरात जमिनीवर चार तास पसारा म्हणजे आजीच्या पायात सैनिक, आणि खाऊच्या कणांमागे येणाऱ्या मुंग्यांवर मुलांचे गुडघे. यत्नाचार तिथेच संपतो.

तिसरा सल्ला जेवणाच्या टेबलावर मोठी फळी टाकण्याचा. हा सगळ्यांत सोपा आणि स्वस्त, आणि पुष्कळ घरांत तसंच करतात. खाली रबरी जाळी घातली की फळी सरकत नाही. चार-चार इंच दोन्ही बाजूंना बाहेर राहिली तर चालते. त्याहून जास्त बाहेर राहिली आणि कोणी काठावर रेललं, की फळी उलटते. पण माझी अडचण फळीची नव्हती. टेबल सूर्यास्ताआधी मोकळं हवं, आणि नेमका तेव्हाच डाव अर्ध्यावर असतो. उचलायला लावलं तर मुलांची चार तासांची मेहनत मोडते. नाही लावलं तर घराचा नेम मोडतो. रोज कोणीतरी मन मारायचं आणि तो कोणीतरी बहुधा घरातलं सगळ्यांत मुकं माणूस असायचं, हे मला मान्य नाही. शिवाय जिथे रंगाचे, डिंकाचे हात लागतात तिथे ताट मांडायला माझं मन घेत नाही.

मग वेगळं टेबल. कायमचं, ड्रॉवरवालं भारी टेबल घ्यायला आपण राजे नाही. खरोखरच १८१२ साली प्रशियाच्या राजाला एका अधिकाऱ्याने युद्धखेळाचं असं टेबल भेट दिलं होतं, त्यात सोंगट्या ठेवायला कप्पे होते. त्यांच्याकडे राजवाडा होता. आमच्याकडे अकरा बाय पंधराचा हॉल आहे.

शेवटी आमच्या सुतारकाकांनी मार्ग काढला. कोणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते.

१२ मिलिमीटर जाडीचा, पाण्याने न फुगणारा प्लाय घेतला. आठ बाय चारच्या एका शीटमधून ६० बाय ४४ चा तुकडा निघतो. त्याचे मधोमध दोन भाग केले, ३० बाय ४४ चे. अख्खी फळी बारा किलोच्या आसपास भरते, एका माणसाला दारातून वळवताना जड जाते. अर्धी फळी लेक एकटा उचलतो. आणि याच खेळाचा छोटा प्रकार नेमका ४४ बाय ३० वरच खेळतात, म्हणजे शाळेच्या दिवसांत एकाच फळीवर तासाभराचा डाव होतो.

सनमायका दोन्ही बाजूंनी लावून घ्या. एकाच बाजूला लावला तर प्लाय हळूहळू वाकतो. मी सुतारकाकांना विचारलं, "सरस तर वापरत नाही ना?" सरस जनावरांच्या कातड्या-हाडांचा असतो, जुने सुतार तोच वापरत. ते हसले, "ताई, आता कोण वापरतंय." तरी विचारलेलं बरं.

उरलेल्या चार इंची पट्टीतून कडेला बारीक काठ केला. फासे खाली घरंगळत नाहीत, सोफ्याखाली शोधावे लागत नाहीत. उरलेल्या मोठ्या तुकड्यातून सैनिक ठेवायच्या कपाटाच्या फळ्या झाल्या. सनमायक्यावर फासे ताशासारखे वाजतात, म्हणून वर रबराची गुंडाळता येणारी चटई. मी आधी सतरंजी घातली होती, पण तिच्या सुरकुत्यांवर सैनिक आडवे व्हायला लागले.

खाली घडीच्या दोन लाकडी घोड्या. उंची ३४ इंच, म्हणजे आपल्या ओट्याएवढी. जेवणाचं टेबल ३० इंचांचं असतं, ते बसून जेवण्यासाठी. हा खेळ उभ्यानेच होतो, आणि उभ्याने काम करायला कुठली उंची बरी हे आपल्याला कोणी शिकवायला नको, चपात्या लाटून पाठच सांगते. रुंदी मात्र ४४ च्या पुढे नेऊ नका. मध्यावर हात पोचला पाहिजे, नाहीतर मुलं फळीवर पोट टेकवतात. चारी बाजूंना दोन-दोन फूट मोकळे सोडले की साधारण पावणेआठ बाय नऊ फूट जागा लागते. आमचा सोफा थोडा भिंतीला सारावा लागला.

पावसाळ्यात फळ्या बाल्कनीत ठेवायच्या नाहीत. ओल धरते, मागे झुरळं, कोळी घर करतात, आणि मग काढताना जीव मरतात. आमच्या फळ्या कपाटामागे उभ्या असतात आणि मांडण्याआधी लेक त्या मऊ कुंच्याने हलक्या हाताने झटकतो.

रंगवायच्या ब्रशचंही सांगते, कारण खरी हिंसा मला तिथे सापडली. या छंदात नावाजलेले ब्रश कोलिन्स्की सेबलचे असतात, म्हणजे मुंगसासारख्या एका रानटी प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे. प्लास्टिकचा सैनिक पडला म्हणून आम्ही महिनाभर चर्चा केली आणि खऱ्या प्राण्याचा केस आमच्या घरात बरणीत उभा होता. लेकाने स्वतःच तो वापरणं सोडलं. आता नायलॉनचे आणतो. टोक लवकर फाटतं, पण चालतं.

टेबलाचे दोनच नेम आहेत. एक, तोंडात 'मेला', 'मारला' नाही. 'बाद' म्हणायचं. मित्र आधी हसले, आता सवयीने म्हणतात. दुसरा, आजीचं ताट वाढलं की डाव जागच्या जागी थांबतो आणि सगळे हात धुऊन आधी जेवतात. टेबल वेगळं असल्यामुळे काहीच मोडावं लागत नाही. जेवून परत आले की सैनिक जिथल्या तिथे उभे.

सासूबाईंना सगळं पटलं आहे असं मी म्हणणार नाही. परवा त्या जेवताना फळीकडे बघत म्हणाल्या, "अजूनही मला ते बरं दिसत नाही." लेक म्हणाला, "मग आजी, तू इथेच बसत जा. मी चुकीचं बोललो की सांग." त्या बसतात. कधी काही बोलतात, कधी नुसती माळ ओढतात. यशोधराची गोष्ट मीही विसरलेले नाही. ज्या दिवशी त्या टेबलावरून वेगळाच सूर ऐकू येईल, त्या दिवशी फळ्या उतरवायची तयारी ठेवली आहे.

तुमच्या घरीही मुलांचे असे खेळ असतील, मोबाइलवरचे तर नक्कीच असतील. ते बंद दाराआड चालत असतील तर एवढंच सुचवते, आधी ते हॉलमध्ये आणा. घ्यायचं की सोडायचं हे नंतर, बघून-ऐकून ठरवा.

जय जिनेंद्र.