तसबिरींच्या पाठीवर नावे लिहा

धार आणि देवास ही नावे मराठी कानांना परकी नाहीत. पवारांनी अठराव्या शतकात माळव्यात मुक्काम टाकला, धारला एक गादी झाली आणि देवासला तर तुकोजी व जिवाजी या भावांच्या दोन झाल्या : थोरली पाती आणि धाकटी पाती. एका गावात दोन राजे, दोन दरबार, दोन वाडे. एकोणिसाव्या शतकात छायाचित्रणाची विद्या माळव्यात पोचली तेव्हा तसबिरींना तोटा राहिला नाही यात नवल ते काय? गादीवरचे राजे, हारीने उभे मानकरी, वाड्याची दर्शनी कमान, झुलीखालचा हत्ती. या तसबिरी आज गुळगुळीत कागदांच्या ग्रंथांत छापल्या जातात, हॉटेलांच्या भिंतींवर टांगल्या जातात, आणि आपण त्यांना 'आपला वारसा' म्हणतो. माझे भांडण आहे ते या 'आपला' शब्दाशी.

त्या तसबिरीतील मंदिल कोणी विणला? अंगरख्याचे कापड कोणत्या घरी रंगले? हत्तीच्या अंबारीचे पत्रे कोणी ठोकले? मराठी राजवटीत 'कारखाना' हा शब्द प्रथम राजवाड्याच्याच कारभारातला होता. अठरा कारखाने म्हणजे जवाहीरखाना, शिलेखाना, मुदपाकखाना, पीलखाना इत्यादी खाती. म्हणजे राजाचे घर हेच एक मोठे कारखानदार घर होते! पण तसबिरीत कारखान्याचा धनी तेवढा आला. राबणारी घराणी भिंतीपलीकडे राहिली.

या काळातला मोठा छायाचित्रकार दीनदयाळ. रुडकीला शिकलेला हा माणूस 1866 साली इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या कामावर लागला. गव्हर्नर जनरलचे एजंट सर हेन्री डेली यांनी त्याला उत्तेजन दिले. त्यांच्यामागून आलेल्या सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर तो मध्य भारत फिरला आणि त्याची चित्रे ग्रिफिनच्या 1886 सालच्या ग्रंथात छापली गेली. माणूस असामान्य खराच. त्याच्या काचेवर उतरलेले दगडी नक्षीकाम आजही हाताला लागेल असे वाटते. पण त्याला बोलावणारे कोण, पैसे देणारे कोण? साहेब आणि संस्थानिक. ज्याने पैसा दिला त्याचे घर तसबिरीत आले.

सरकारने कारागिरांची चित्रे काढलीच नाहीत असे मात्र नाही. वॉटसन आणि के यांच्या संपादनाखाली 1868 ते 1875 या काळात हिंदुस्थानातील लोकांविषयी आठ खंड निघाले. त्यांत साडेचारशेहून अधिक चित्रे आहेत. पण चित्राखाली बहुधा काय असते? जात, जमात, धंदा. राजाला नाव, आणि विणकराला फक्त 'विणकर'! वनस्पतिशास्त्राच्या वहीत वाळलेली पाने चिकटवतात तशी ही माणसे चिकटवली गेली. याउलट 1886 साली लंडनच्या प्रदर्शनात नेलेल्या कारागिरांची चित्रे व्हिक्टोरिया राणीने स्वोबोडा या चित्रकाराकडून काढवून घेतली, म्हणून आग्र्याच्या बक्षीराम कुंभाराचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे. कुंभाराचे नाव टिकायला राणीची मर्जी लागावी, यासारखी दुसरी नामुष्की नाही.

यावर विद्वान मंडळींचे एक ठरीव उत्तर असते : त्या काळी काचेवर ओला रासायनिक लेप देऊन तो वाळण्यापूर्वीच चित्र घ्यावे लागे, प्रकाश भरपूर लागे, अंधाऱ्या घरांतले मागाचे खड्डे टिपता येणे शक्यच नव्हते. हे अर्धसत्य आहे. विणकर आपली ताणी घरात नव्हे, गल्लीत उन्हात पसरतो. आजच्या धार जिल्ह्यातील कुक्षी, मनावर, बाग हा पट्टा पाहा. त्यातले बाग तेव्हा शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात होते. तिथली छपाई करणारी खत्री घराणी भिल्ल-भिलाल्यांच्या लुगड्यांची कापडे नदीच्या पात्रात धुतात आणि काठावर भर उन्हात वाळवतात. तांब्याच्या हंड्याखालची भट्टी उघड्या आभाळाखाली पेटते. तुरटीने तांबडा आणि लोखंडाच्या गंजाने काळा रंग उठतो, तो याच उजेडात. सूर्य दोघांनाही सारखाच होता. कॅमेऱ्याचे तोंड राजवाड्याकडे होते, एवढेच.

या घरांचे चित्र का हवे होते तेही सांगतो. कारागिराच्या घरात ओसरी हेच दुकान, परसू हेच रंगशाळेचे अंगण, आणि माजघरात ठशांची चळत. घर आणि कारखाना यांच्यामध्ये भिंत नसते. 1869 च्या सुमारास जर्मनीत कृत्रिम अलिझरीन तयार झाले आणि आलीच्या मुळांपासून तांबडा रंग काढणाऱ्यांचा धंदा पुढे बुडाला. धंदा बुडाला की घराची मांडणी बदलते, भांडी मोडीत जातात, शब्दही जातात. राजाचे राज्य गेले तरी त्याची तसबीर राहते. रंगाऱ्याचे राज्य गेले तेव्हा मागे काय राहिले?

आपल्या सीमाभागातलेच एक उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्कर 1869 साली गुर्लहोसूरला जन्मले, 1888 साली बेळगावात त्यांचे सायकलचे दुकान निघाले, आणि 1910 साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, जिथे कारखाना आणि घरे शेजारी शेजारी उभी राहिली. त्यांचा कारखाना पुढे देवासलाही गेला. हे घराणे मराठी माणसाला ओळखीचे झाले याचे एक कारण असे, की 1920 साली त्यांनी स्वतःचे मासिक काढले. ज्याच्या हाती छापखाना आहे त्याच्या घराची हकीकत टिकते. पण ज्याच्या हाती फक्त ठसा किंवा हातोडा आहे त्याने काय करावे?

हा सारा भूतकाळ म्हणून सोडून देता आला असता. पण आज माळव्यातील मराठी घरांत काय चालले आहे? मुले पुण्या-मुंबईला, नाहीतर परदेशात. वाडा विकला जातो. माळ्यावरच्या पेटीतून आजोबा-पणजोबांच्या तसबिरी निघतात. कोण कोणाचा, सांगणारे उरलेले नसते. मी पाहिले आहे : जुन्या सामानाचा व्यापारी सागवानी चौकट घेतो आणि आतला कागद टाकून देतो. तो तरी काय करील? पाठीवर नाव नसलेला माणूस त्याच्या दृष्टीने रद्दीच. सरकारी वर्णनकाराने विणकराला निनावी केले म्हणून आपण रागवायचे, आणि घरच्या माणसाला आपणच निनावी करायचे, हा कुठला न्याय?

कोणी म्हणेल, बागचे खत्री मुसलमान, बोली त्यांची निमाडी. मराठी दिवाळी अंकाला त्यांचे काय? मला हा प्रश्नच खुजा वाटतो. ज्यांच्या कष्टांवर मराठी संस्थाने चालली ते आपल्या इतिहासाबाहेरचे, आणि हत्तीवर बसलेले तेवढे आपले? सीमाभागात राहून आपण भाषेसाठी भांडतो, ते 'आम्हाला आमच्या नावाने ओळखा' म्हणूनच ना? मग तेच दुसऱ्याला नाकारू नये.

शाळामास्तरच्या सवयीने गृहपाठ देतो. दिवाळीच्या सुटीत पेटी उघडा. तसबिरीच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने, बोरू किंवा बॉलपेनने नव्हे, नाव लिहा, गाव लिहा, धंदा लिहा, घर कोणत्या आळीत होते ते लिहा. बायकांची नावे सासरची आणि माहेरचीही लिहा. वाडा पाडायचा असेल तर आधी त्याचे फोटो घ्या. दर्शनी दाराचा एक पुरे, माजघर, मागचा खड्डा, चूल आणि परसू यांचे चार घ्या. धार-देवासच्या मराठी मंडळांनी या प्रती गोळा कराव्यात, आणि शेजारच्या कारागिरांच्या घरीही जावे. आमच्या शाळांनीही आपल्या स्मरणिका उघडून पाहाव्यात : अध्यक्षांपासून सहशिक्षकांपर्यंत सर्वांची नावे डावीकडून उजवीकडे असतात, आणि मागच्या ओळीत उभे असतात ते नुसते 'शिपाई वर्ग'. एकोणिसावे शतक अजून आपल्या मागच्या ओळीत उभे आहे. त्याला नाव विचारा.