विश्लेषण : पहिला घोट कडूच, मग दुसरा का घ्यायचा? बिअर, पुस्तकं आणि गाण्यातल्या ‘चवी’ची गोष्ट

आवड आपोआप लागते की लावून घ्यावी लागते? क्राफ्ट बिअर, पुस्तकं आणि शास्त्रीय संगीत या तिन्हींकडून उत्तर एकच मिळतं. ते आपल्या मोबाइलच्या सोयीचं मात्र नाही.

सुट्टीत काय करतोस, या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे. एखादं पुस्तक, थोडं गाणं आणि महिन्यातून एकदा क्राफ्ट बिअर. त्यावर ‘म्हणजे इन्स्टासाठी ना?’ हा टोमणाही ठरलेला. त्यात तथ्य आहे, कारण या तिन्ही गोष्टी फोटोत छान दिसतात. पण त्यांच्यातलं खरं साम्य वेगळं आहे. तिन्ही गोष्टी पहिल्या भेटीत सहसा आवडत नाहीत. जो थांबतो, त्याला त्या आवडू लागतात. ही थांबण्याची सवयच आपल्या हातून सुटत चालली आहे.

क्राफ्ट बिअर म्हणजे नेमकं काय?

पाणी, मोड आणून वाळवलेले जव म्हणजे माल्ट, हॉप्स नावाच्या वेलीची फुलं आणि यीस्ट. बिअरचा मूळ मालमसाला एवढाच. बव्हेरियातल्या १५१६च्या प्रसिद्ध नियमात तर पाणी, जव आणि हॉप्स या तीनच वस्तू होत्या. यीस्ट नावाचा सूक्ष्म जीव सगळं काम करतो, हे तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हतं.

मोठ्या कंपनीचा सगळा भर प्रत्येक बाटली सारखीच लागावी यावर असतो. क्राफ्टवाला छोट्या टाकीत प्रयोग करतो. माल्ट किती भाजायचं, हॉप्स कधी टाकायचे, तापमान किती ठेवायचं, यावर चव बदलते. साधारण २० अंशांच्या आसपास आंबवलेली ती एल. १० अंशांच्या आसपास आंबवून मग आठवडे न् आठवडे थंडीत मुरवलेली ती लागर. इंजिनीअरिंग केलेल्या माणसाला याची भुरळ पडते ती यामुळेच. इनपुट चार, आउटपुट शेकडो. आपण परीक्षेपुरती पाठ केलेली ‘स्टुडंट्स टी-टेस्ट’ही १९०८ मध्ये विल्यम गॉसेट यांनी मांडली, तेव्हा ते गिनेस या बिअर कंपनीत नोकरीला होते.

यात देवळाली कुठून आली?

पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या एका मायक्रोब्रुअरीचं नाव ‘डूलाली’. इंग्रजीत डूलाली म्हणजे डोकं फिरलेला. हा शब्द आला आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून. मायदेशी परतणारे ब्रिटिश सैनिक तिथल्या छावणीत जहाजाची वाट पाहत पडून असत. हाताला काम नाही, वर उन्हाळा. त्यात काहींचं डोकं फिरायचं. त्यालाच ‘डूलाली टॅप’ म्हणू लागले. टॅप म्हणजे आपला ताप.

वाट पाहून वेड लागायला त्या सैनिकांना महिने लागत. आपल्याला व्हिडिओ लोड होतानाचं ते गोल फिरणारं चक्र चार सेकंद दिसलं तरी पुरतं.

कडू चव आवडायला वेळ का लागतो?

निसर्गातल्या बऱ्याच विषारी गोष्टी कडू असतात. त्यामुळे कडू लागलं की सावध व्हायचं, हे जीभ जन्मतःच शिकून येते. बिअरचा कडूपणा ‘आयबीयू’ या एककात मोजतात. साधी लागर १०-२०च्या घरात असते, तर आयपीए अनेकदा ४० ते ७०च्या दरम्यान. आयपीएमधला ‘आय’ म्हणजे इंडिया. इंग्लंडहून जहाजाने हिंदुस्थानात येणाऱ्या पेल एलवरून हे नाव पडलं. हॉप्स जास्त असले की बिअर टिकते आणि कडूही होते.

पहिल्यांदा आयपीए पिणारा बहुतेक वेळा तोंड वाकडं करतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्याच कडूपणामागे संत्र्याच्या सालीचा, पिकलेल्या फळाचा वास सापडू लागतो. कारलं तुपात तळा, साखरेत घोळा, ते कडूच राहतं, ही म्हण खरीच. पण लहानपणी ताटातून बाजूला सारलेलं तेच कारलं आपण पुढे मागून खातो. कारलं तेच असतं, जीभ बदललेली असते.

पुस्तकं आणि गाण्यांचं काय?

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये आली. नेहमीच्या कथानकाची सवय असलेल्याला सुरुवातीला गोष्ट पुढे सरकतच नाही असं वाटतं. पांडुरंग सांगवीकरचं ते ‘वगैरे’ खटकतं. पन्नासेक पानं तग धरली की त्याच ‘वगैरे’ची लय कानात बसते आणि त्यामागचं दुःख दिसू लागतं.

गाण्यातलं उदाहरण तर महाराष्ट्राला पाठ आहे. भीमसेन जोशी यांनी लहानपणी अब्दुल करीम खाँ यांची ध्वनिमुद्रिका ऐकली आणि गुरूच्या शोधात घर सोडलं. त्या काळातली रेकॉर्ड जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. पुढे सवाई गंधर्वांकडे वर्षानुवर्षं तालीम झाली आणि १९५३ मध्ये गुरूच्या स्मरणार्थ पुण्यात महोत्सव सुरू झाला. आजही तिथे लोक तासन् तास बसून ऐकतात.

मोबाइलने यात काय बदललं?

गाणं छोटं होणं नवं नाही, ते रेकॉर्डनेही केलं होतं. फरक असा की त्या तीन मिनिटांनी ऐकणाऱ्याला पुढच्या तीन तासांकडे नेलं. आजचे तीस सेकंद पुढच्या तीस सेकंदांकडे नेतात. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की गाणं ‘ऐकलं’ असं मोजलं जातं. विलंबित ख्यालात तेवढ्या वेळात सूर नीट लागलेलाही नसतो.

डिजिटल डेस्कवर काम करताना मी रोज आकडे पाहतो. वाचक कुठे थांबला, कुठून निसटला, सगळं दिसतं. पहिल्या काही सेकंदांत आवडेल तेच समोर ठेवायचं, हा सगळ्याच फीडचा नियम. या नियमात कारल्याला, ‘कोसला’ला आणि विलंबित लयीला जागा नाही. आपल्याला काय आवडतं, हे अल्गोरिदमला कळतं. पुढे काय आवडू शकेल, हे आपण थांबल्याशिवाय आपल्यालाही कळत नाही.

मग हा पैसेवाल्यांचा शौक नाही का?

बिअरपुरता आहे. एका ग्लासला सहज काहीशे रुपये पडतात आणि ‘क्राफ्ट’ची पाटी लावली की दर आणखी चढतो. शिवाय ती दारूच आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे आणि कायद्याने परवानाही लागतो. मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. ‘क्राफ्ट’ या शब्दाने यकृत फसत नाही. त्यामुळे या तिघांतलं एक वगळायचं असेल, तर बिअर खुशाल वगळा. काही अडणार नाही.

बाकीच्या दोन गोष्टींना पैसे फारसे लागत नाहीत. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे, तर मुंबईचं १८९८ पासून. जुन्या मैफली त्याच मोबाइलवर फुकट ऐकता येतात. तिथे लागतं ते फक्त लक्ष, आणि तेवढ्याचीच आपल्याकडे टंचाई आहे.

म्हणून माझा आग्रह एवढाच. महिन्यातून एक गोष्ट अशी निवडा, जी पहिल्यांदा आवडली नव्हती. तिला आणखी तीन संधी द्या. चौथ्यांदाही कडू लागली, तर सोडून द्या. पण तेव्हा ती तुम्ही सोडलेली असेल, तुमच्या अंगठ्याने नाही.