वाघ्या घेवड्याला विष म्हणू नका, तो नीट शिजवा!

जाहीर आवाहन

कोरेगाव तालुक्यातील माता-भगिनींनो आणि बांधवांनो,

गेल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ गावभर फिरला. रात्रभर भिजवलेला राजमा आणि घेवडा, वर कांदा-लिंबू, आणि सल्ला असा की शिजवू नका, शिजवलं की प्रथिनं जातात. आमच्याच भागातल्या एका घरात तो पदार्थ मुलांच्या डब्यात गेला. दुपारपर्यंत मुलं उलट्यांनी गळून गेली. संध्याकाळी त्याच ग्रुपवर दुसरा संदेश आला : वाघ्या घेवडा विषारी आहे, विकत घेऊ नका!

हे आम्ही खपवून घेणार नाही. भौगोलिक मानांकन मिळालेलं हे आपलं कडधान्य आहे. आमच्या बचत गटाच्या बायका ते निवडतात, पाखडतात, बाजारात मानाने विकतात. दोष घेवड्याचा नाही. अर्धकच्चं खाऊ घालणाऱ्यांचा आहे, आणि न तपासता व्हिडिओ पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

खरं काय ते ऐका. राजमा आणि घेवडा एकाच जातीचे. त्यांच्या कच्च्या दाण्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं, लाल राजम्यात सर्वांत जास्त. लाल राजम्याचे चार-पाच कच्चे दाणेसुद्धा पुरतात. एक ते तीन तासांत मळमळ, जोराच्या उलट्या, मग जुलाब. बहुतेक माणसं काही तासांत सावरतात, पण लहान मूल आणि म्हातारं माणूस पाणी कमी होऊन लवकर खचतं. जपानमध्ये 2006 साली दूरचित्रवाणीवर वजन घटवण्याची कृती दाखवली : पांढरा घेवडा तीन मिनिटं भाजा, दळा, भातावर घाला. ती करून शेकडो लोक आजारी पडले. तरी आपण शिकायचं नाही?

अर्धवट शिजवणं तर कच्च्याहून वाईट. 80 अंशांपर्यंतच तापलेल्या दाण्याची बाधा पाचपटीपर्यंत वाढू शकते. म्हणून परदेशी राहणाऱ्या लेकी-सुनांना आजच फोन करा : मंद आचेच्या विजेच्या भांड्यात राजमा थेट टाकू नका, आधी रटरटून उकळा.

कुणी म्हणतं, मोड आले की दोष जातो. नुसत्या मोडांनी तो पुरता जात नाही. कुणी म्हणतं, आमच्या आजीने कधी घड्याळ लावलं नाही. आजी चुलीवर तासन्तास शिजवत होती, तिचं नाव घेऊन आळस झाकू नका. आणि शिजवल्याने प्रथिनं जात नाहीत, उलट ती नीट पचतात. गॅस महाग आहे, मान्य. भिजवा आणि कुकर लावा, गॅस वाचतो. दवाखाना त्याहून महाग आहे.

आता हे करा, आजपासून :

1. दाणे निवडा, धुवा. तिप्पट-चौपट पाण्यात किमान पाच तास, शक्यतो रात्रभर भिजवा. उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर आंबतात.

2. भिजवलेलं पाणी ओतून द्या. आमटीत घालू नका.

3. ताज्या पाण्यात खळखळ उकळा. 100 अंशांवर दहा मिनिटांत हे द्रव्य निकामी होतं, अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन मात्र 30 मिनिटं सांगतं. आपणही 30 धरा. महाबळेश्वर-पाचगणीला पाणी कमी तापमानाला उकळतं, तिथे आणखी वेळ द्या.

4. कुकर अर्ध्याहून जास्त भरू नका, फेस शिट्टीच्या नळीत अडकतो. पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर 15 ते 20 मिनिटं ठेवा. वाफ आपोआप जिरू द्या.

5. दाणा बोटाने चेपून पाहा. कणी लागली तर पुन्हा शिजवा. चिंच, आमसूल, टोमॅटो दाणे मऊ झाल्यावरच, आधी आंबट पडलं की दाणे लवकर शिजत नाहीत.

6. शिजलेली उसळ दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नका. लग्नात, महाप्रसादात सकाळची आमटी रात्री वाढणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

7. त्रास झालाच तर जलसंजीवनी द्या. उलट्या थांबत नसतील, लघवी कमी झाली असेल, मूल पेंगत असेल तर लगेच दवाखाना गाठा. घरगुती काढ्यात वेळ घालवू नका.

अंगणवाडी सेविका, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताई, मंडळांचे आचारी, हे तुम्हालाही लागू आहे. शंभर पोरांचं पोट तुमच्या हातात आहे.

आमच्या गटाच्या प्रत्येक पाकिटात यापुढे ही कृती छापलेली चिठ्ठी असेल. कुणी सांगण्याची वाट आम्ही पाहिली नाही. दुकानदारांनो, तुम्हीही सुटा घेवडा देताना एवढं तोंडी सांगा. आणि तो व्हिडिओ ज्यांनी पुढे पाठवला, त्यांनी त्याच ग्रुपवर हे आवाहन आज पाठवावं. पोरांच्या जिवापुढे संकोच कसला?

आपल्या,
कोरेगाव तालुक्यातील महिला बचत गटाच्या भगिनी