दावा आकाशातला, मोजणी जमिनीवरची

७ ऑगस्ट १९४४. फ्रान्समध्ये मोर्तें गावाजवळ जर्मन रणगाडे चालून आले. धुके ओसरताच ब्रिटिशांची टायफून आणि अमेरिकेची थंडरबोल्ट विमाने त्यांच्यावर तुटून पडली. परतलेल्या वैमानिकांनी अडीचशेच्या आसपास रणगाडे उद्ध्वस्त किंवा निकामी केल्याचे दावे केले.

पुढे ब्रिटिशांच्याच तपासनीसांनी ते रणांगण पायी पालथे घातले. सापडले ४६ रणगाडे आणि फिरत्या तोफा. त्यांतली विमानांनी संपवलेली अवघी ९!

मग वैमानिक खोटे बोलले का? नाही. वेगात सूर मारायचा, क्षणभर नेम धरायचा, रॉकेटे सोडून वर उसळायचे. खाली धूर आणि धूळ. एकच जळता रणगाडा दहा जणांना 'आपला' वाटणार. उघड्यावर उभ्या पँथर रणगाड्यावर चाचणीत ६४ रॉकेटे सोडली, तेव्हा लागली तीन.

तरी हल्ला थांबला, आणि त्यात विमानांचा वाटा होता. कित्येक जर्मन सैनिक धडधाकट रणगाडे सोडून पळाले. भीतीने जे साधले, ते नेमाच्या खात्यावर जमा झाले.

मी शिक्षक आहे. मुलाने स्वतःच स्वतःला गुण दिले तर मी पेपर तपासतो. युद्धात 'अचूक मारा' झाल्याचे ऐकून टाळ्या वाजवताना आपण मात्र तपासणी विसरतो. चुकलेले रॉकेट हवेत विरत नाही. ते कुणाच्या तरी शेतात, कुणाच्या तरी अंगणात पडतेच. त्याची मोजणी कोण करणार?