वर्षावासात शुश्रूषेचेही शिक्षण हवे

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि अश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांतून ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. तीन महिने माणसे नेमाने एकत्र बसतात, ऐकतात, प्रश्न विचारतात. आमची सूचना साधी आहे. या काळात आठवड्यातून एक दिवस, वाचन संपल्यावर अर्धा तास, अंथरुणाला खिळलेल्या, वृद्ध किंवा दिव्यांग माणसाची घरी काळजी कशी घ्यावी हे शिकवले जावे.

विहारात हे कशाला, असे कुणी म्हणेल. विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने आजारी पडून स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्खूची कथा आहे. तथागतांनी आनंदाच्या मदतीने त्याला स्वतः धुतले, उचलून अंथरुणावर निजवले, आणि ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी, असे भिक्खूंना बजावले. ही कथा आपल्याकडे प्रवचनात नेहमी येते. तिच्या पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगी काय असावे, ते तिथे पाच मुद्द्यांत सांगितले आहे: औषध तयार करता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, लोभापोटी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी, मलमूत्र-थुंकी-ओकारी काढताना किळस येऊ नये, आणि आजाऱ्याला धम्माच्या चार गोष्टी सांगून धीर देता यावा. यातल्या पहिल्या दोन गोष्टी तर सरळसरळ शिकण्याच्या आहेत.

आपल्या घरांत आज काय होते? आजोबांना अर्धांगवायूचा झटका येतो, आठ-दहा दिवसांत दवाखान्यातून घरी पाठवतात, हातात गोळ्यांची चिठ्ठी असते. त्यांना कुशीवर कसे वळवायचे, भरवायचे कसे, लघवीची पिशवी कुठे टांगायची, हे कुणी सांगत नाही. मग सून किंवा मुलगी अंदाजाने करत राहते. कामावरची रजा संपते, रोज बुडतो. कुठे नववी-दहावीतल्या नातीची शाळा सुटते, आणि ‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश त्या घरात गुपचूप मोडतो.

आणखी एक गोष्ट आमच्या मनाला लागते. शहरात दुसऱ्यांच्या घरी बारा-बारा तास ‘मावशी’ म्हणून म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या बायांत आपल्या वस्तीतल्या कितीतरी आहेत. घाण काढण्याचे काम जातीने आपल्यावर लादले होते, त्यामुळे या कामाला कमीपणा चिकटला आहे, हे आम्ही जाणतो. पण पलंगावरच्या माणसाला न दुखवता उचलणे, त्याचे अंग स्वच्छ करणे हे कौशल्य आहे. त्या मावशींना विहारात सन्मानाने बोलवा, समोरच्या खुर्चीवर बसवा आणि त्यांनाच शिकवू द्या. सोबत परिचारिका किंवा आशाताई असावी, म्हणजे चुकीची समजूत पसरणार नाही.

शिकण्यासारखे किती आहे, त्याची थोडी कल्पना देतो. हालचाल न करणाऱ्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाड, खुबा, टाचा येथे दाबामुळे जखमा होतात. पुस्तकांत लिहिलेले असते की आधी लाली दिसते. आपल्या सावळ्या कातडीवर ती लाली सहज दिसत नाही. म्हणून हात लावून पाहावे. तो भाग भोवतीपेक्षा गरम, कडक किंवा दुखरा लागतो. तिथे चोळू नये, त्या अंगावर निजवू नये. भरवताना माणसाला टेकवून सरळ बसवावे, लहान घास द्यावेत, नंतर अर्धा तास आडवे करू नये. प्रत्येक घासाला ठसका लागत असेल तर भरवणे थांबवून डॉक्टरांना सांगावे. लुळा हात धरून कधीही ओढू नये, खांदा निखळतो. लघवीची पिशवी ओटीपोटाच्या खालच्या पातळीवरच ठेवावी. हे वाचून पाठ होणार नाही. खाटेवर कुणाला तरी निजवून हाताने करून पाहावे लागते. आणि वर्गाला पुरुषांनी यावे. सेवा सुनेची आणि प्रवचन पुरुषांचे, ही वाटणी धम्मात कुठेच नाही.

सरकारची जबाबदारी यामुळे संपत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४७ मध्ये कुटुंबीयांना आणि समाजातील लोकांना काळजी घेण्याचे प्रशिक्षण देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. कलम २४ मध्ये जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. आपल्या संघटना आरक्षणाच्या प्रश्नावर निवेदने देतात, मोर्चे काढतात, ते योग्यच आहे. या दोन कलमांवर निवेदन दिल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही. अर्धांगवायूने आलेले अपंगत्वही या कायद्यात बसते. पण ‘वय झाले, आता काय’ म्हणून कित्येक घरांत प्रमाणपत्रासाठी अर्जच केला जात नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे, तो विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवायला खर्च येत नाही.

हे जमणारे आहे, याचा दाखला केरळात आहे. कोझिकोडला १९९३ मध्ये सुरू झालेल्या उपशामक सेवेच्या कामातून पुढे गावोगावी शेजाऱ्यांचे गट उभे राहिले. साधी माणसे शिकली आणि परिचारिकेबरोबर घरोघर जाऊ लागली. आपल्याकडे तर महिला मंडळे आणि तरुणांचे गट आधीपासूनच आहेत. शिकलेल्या दोघांनी रविवारी दोन तास एखाद्या रुग्णाजवळ बसले, तरी त्या घरची बाई झोप काढील, बाजारहाट करील, किंवा नुसती दारात बसेल.

जाता जाता एक. आपले कितीतरी विहार पहिल्या मजल्यावर आहेत, नाहीतर पाच-सहा पायऱ्या चढून जावे लागते. ज्यांच्यासाठी हा वर्ग घ्यायचा, त्यांनाच आत येता येत नाही. तेव्हा यंदाच्या वर्षावासाच्या बैठकीत दोन विषय घ्यावेत: वर्गाचा वार कोणता, आणि उताराच्या रस्त्यासाठी सिमेंट-विटांची वर्गणी कोण गोळा करणार.