शाळेशी सूत जुळवताना

खेड्यातल्या प्राथमिक शाळेच्या आवारात अनोळखी गाडी येऊन थांबली की वर्गातला आवाज एकदम खाली येतो. मुले हाताची घडी घालून बसतात, गुरुजी टेबलावरच्या वह्या सारख्या करतात आणि कुणीतरी धावत जाऊन खुर्ची पुसून आणते. आलेला माणूस कोण, कशासाठी आला, हे अजून कुणालाच ठाऊक नसते. पण तो काहीतरी तपासायला आला असणार, एवढे मात्र सर्वांनी गृहीत धरलेले असते. हे गृहीत आजचे नाही. मुंबई इलाख्यात १८५५ साली सरकारी शिक्षण खाते सुरू झाले, तेव्हापासून शाळेत येणारा बाहेरचा माणूस म्हणजे तपासनीस, हे समीकरण रुजत गेले. ‘दिपोटी’ येणार म्हणून शाळा सारवायची, मुलांना धुतलेले कपडे घालून यायला सांगायचे आणि हुशार मुलांना पुढच्या रांगेत बसवायचे, ही रीत कित्येक पिढ्यांनी पाहिली. पुढे दिपोटी गेले, विस्तार अधिकारी आले, केंद्रप्रमुख आले. शेरेबुक मात्र टेबलावर जिथल्या तिथे राहिले.

शाळेबरोबर काम करू पाहणाऱ्या प्रत्येकाने आधी हा इतिहास ध्यानात घ्यायला हवा. कारण अलीकडे शाळेच्या दारात येणाऱ्यांची संख्या खूप वाढली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारमानाच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करण्याचे बंधन घातले आणि त्या यादीत शिक्षणाला स्थान दिले. त्यामुळे संगणक, रंगीत भिंती, पुस्तकपेट्या आणि दप्तरे घेऊन माणसे येऊ लागली. स्वयंसेवी संस्था तर आधीपासून होत्याच. आरोग्य तपासणीचे पथक येते, महाविद्यालयातले प्रशिक्षणार्थी येतात, निवृत्तीनंतर काही करावे अशा इच्छेने सुशिक्षित माणसे येतात. यातल्या अनेकांना आता ‘संवादकौशल्या’चे धडे दिलेले असतात. नजरेला नजर द्यावी, मान डोलवावी, समोरच्याचे वाक्य त्याच्याच शब्दांत परत म्हणून दाखवावे, ‘हो-नाही’त उत्तर येईल असे प्रश्न टाळावेत, वगैरे वगैरे. हे सारे उपयोगी आहे, यात शंका नाही. प्रश्न इतकाच की, एवढ्याने सूत जुळते का?

सूत जुळणे म्हणजे काय, हे आधी ठरवावे लागेल. चहा झाला, हसून बोलणे झाले, निघताना शाल-श्रीफळ मिळाले, म्हणजे सूत जुळले असे समजणारे पुष्कळ आहेत. वस्तुतः पाहुण्याला शाल देणे ही शाळेची त्याला दूर ठेवण्याचीही एक सभ्य तऱ्हा असते. खरी कसोटी वेगळी आहे. ज्या दिवशी मुख्याध्यापक तुम्हाला मोकळेपणाने सांगतात, “साहेब, तुमचा हा कार्यक्रम आमच्या शाळेत चालायचा नाही, आणि का चालायचा नाही ते सांगतो,” त्या दिवशी नाते सुरू झाले असे समजावे. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्या ‘हो’ला काही अर्थ नसतो.

हे सगळे सौजन्याच्या शिष्टाचारापुरते असते, तर रविवारच्या पानावर त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. पण शाळा आणि शाळेबाहेरचे जग यांत संवाद नसला की त्याची किंमत शेवटी मूल देते. बीडसारख्या जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांचे उदाहरण घ्या. दिवाळीच्या सुमारास कुटुंबे कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. म्हणजे शाळेचे निम्मे वर्ष पाचटाच्या कोपीत जाते. या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची सोय करण्याची योजना आहे आणि ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालवायची असते. पण मूल मागे ठेवायचे की बरोबर न्यायचे, हा निर्णय गाडीत सामान चढवताना होत नसतो. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती पावसाळ्यातच, आणि घरातले किती हात कामाला लागतील याचा हिशेबही तेव्हाच मनात मांडला जातो. मोठी मुलगी बरोबर नेली तर धाकट्याला सांभाळायला होते, स्वयंपाकाला होते. दिवाळीच्या तोंडावर गुरुजी घरी गेले तर ते उशिराच पोहोचलेले असतात. आषाढ-श्रावणातच ज्यांचे त्या घरी जाणे-येणे आहे, आजी मागे राहणार का, राहिली तर तिच्याने मुलाचे होईल का, हे ज्यांना माहीत आहे, अशाच शिक्षकाचे बोलणे तिथे ऐकले जाते. इथे संवादाचे तंत्र म्हणजे गोड शब्द नव्हेत. योग्य वेळ हेच तंत्र.

वेळेची ही जाण बाहेरून येणाऱ्यांनाही हवी. शाळेला स्वतःचे एक पंचांग असते. जूनमध्ये पट भरण्याची धावपळ असते. सप्टेंबरअखेरच्या पटावर संचमान्यता ठरते, म्हणजे किती शिक्षक राहणार आणि कोण ‘अतिरिक्त’ ठरणार याचा निकाल लागतो. त्या दिवसांत दोन शिक्षकी शाळेतल्या बाईंच्या मनात काय चालले असेल, याची कल्पना करावी. परीक्षेच्या तोंडावर, खिचडी शिजून मुले पंगतीला बसण्याच्या वेळी किंवा ऑनलाइन माहिती भरण्याच्या अखेरच्या दिवशी कुणी येऊन “पाच मिनिटं बोलू या का?” म्हणाले, तर तोंडावर होकार येईल; पण मनात अढी बसेल. म्हणून पहिला प्रश्न “आम्ही काय करू?” हा नसावा. “तुम्हाला कोणती वेळ सोयीची?” हा असावा. आणि सांगितलेली वेळ पाळावी.

शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याने (२००९) शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज इतर अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे म्हटले आहे. प्रत्यक्षात अहवाल, छायाचित्रे आणि तक्ते यांनी शिक्षकाचा दिवस कसा भरून जातो, हे कोणत्याही शिक्षकाला विचारावे. अशा माणसासमोर आपण आणखी एक तक्ता घेऊन उभे राहिलो, तर आपली मान कितीही डोलली तरी तिचा उपयोग काय? आपली नोंद आपण स्वतः ठेवावी. शाळेच्या डोक्यावर ती टाकू नये. एवढे एक पथ्य पाळले तरी अर्धे काम होते.

प्रश्न कसा विचारावा, यालाही महत्त्व आहे. “तुमच्या वर्गात किती मुलांना वाचता येत नाही?” या प्रश्नात माहितीच्या आधी आरोप ऐकू येतो. त्याचे उत्तर एक तर खोटे येते किंवा बचावाचे. “यंदा वाचनात कोण पुढे आलं? कशामुळे आलं असेल?” असे विचारले, तर त्याच बाई वर्गातल्या एकेका मुलाविषयी सांगू लागतात आणि न येणाऱ्या मुलांची गोष्ट मागोमाग आपोआप निघते. ज्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असा प्रश्न विचारणे ही तपासनिसाची सवय झाली. सहकाऱ्याने जे आपल्याला खरोखर माहीत नाही तेच विचारावे. ऐकून झाल्यावर “म्हणजे तुमचं म्हणणं असं, की...” असे म्हणून आपल्याला कळलेले एकदा सांगून पाहावे. यात दुहेरी लाभ असतो. आपला गैरसमज तिथल्या तिथे दूर होतो आणि समोरच्याला आपले बोलणे पोहोचल्याची खात्री पटते. मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर बसण्याचा आग्रह झाला तरी ती खुर्ची त्यांचीच राहू द्यावी. कोणत्याही मुलाच्या उणिवा चारचौघांत, त्याच्यादेखत बोलू नयेत. ही पथ्ये वरवर किरकोळ दिसतात. शाळा मात्र ती नेमकी टिपते.

या बाबतीत आपल्याकडे मोठी शिदोरी आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो बहुजन समाजातून तयार करावेत, अशी मागणी होती. लोकांत मोकळेपणाने मिसळणारा, त्यांच्या गरजा आणि इच्छा ओळखणारा शिक्षक हवा. अंतर राखून वागणारा नको, हे त्यामागचे कारण होते. शाळेचे आणि गावाचे नाते हा शिक्षणाचा गाभा आहे, हे त्यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसल्यावर पालकांना दोष देत बसण्याऐवजी त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ त्यातून आली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. ‘तुम्ही आमच्याकडे या’ याऐवजी ‘आम्ही तुमच्याकडे येतो’ हा तो बदल होता. संवादाच्या कोणत्याही पुस्तकात याहून मोठा धडा सापडणे कठीण.

दुसरे उदाहरण शेजारच्या मध्य प्रदेशातले. तेव्हाच्या होशंगाबाद, आजच्या नर्मदापुरम जिल्ह्यात १९७२ साली १६ माध्यमिक शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. संस्था बाहेरच्या होत्या, त्यांत नामवंत शास्त्रज्ञ होते. पण शाळा सरकारी आणि शिक्षकही नेहमीचेच. शिक्षकांच्या मासिक बैठकांतून प्रयोगांतल्या अडचणी पुढे यायच्या आणि त्यांच्या अनुभवावरून धडे बदलले जायचे. मुलांनी आपले प्रश्न ‘सवालीराम’ नावाच्या एका कल्पित मित्राला पत्राने कळवावेत, अशी सोय होती आणि त्या पत्रांना उत्तरेही जात. हा कार्यक्रम शेकडो शाळांत पसरला आणि तीस वर्षे चालला. २००२ साली राज्य शासनाने तो बंद केला. यातून दोन्ही बाजू शिकण्याजोग्या आहेत. शिक्षकाला पाहुण्याने हमाल न मानता जाणकार मानले, तर तो केवढे काम उभे करतो, ही एक. आणि शाळेशी सूत म्हणजे फक्त वर्गातल्या शिक्षकाशी सूत नव्हे, पालक, पंचायत आणि प्रशासन यांच्याशीही ते सतत जुळते ठेवावे लागते, ही दुसरी.

पालकांचा विषय निघालाच आहे, तर शाळा व्यवस्थापन समितीचे बोलले पाहिजे. कायद्याप्रमाणे या समितीत ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा त्यांनी करायचा. कागदावर याहून लोकशाही व्यवस्था दुसरी नसेल. पण सभा सकाळी अकराला, ऐन खुरपणीच्या दिवसांत. इतिवृत्त आधीच लिहिलेले आणि वही सह्यांसाठी घरोघर फिरलेली, असे चित्र अनेक ठिकाणी दिसते. सभेला आलेली आई खुर्ची सोडून उंबऱ्याशी बसते आणि बोलणारे तीन-चार पुरुषच असतात. तिला “बोला की ताई, काय म्हणणं आहे?” असे सर्वांसमोर विचारले, तर ती पदर सावरून “तुम्ही म्हणाल तसं” एवढेच म्हणणार. तिच्याच वाडीत, संध्याकाळी, चार बायका जमल्या असताना विचारले, तर शाळेच्या पाण्याच्या टाकीपासून मुलींच्या स्वच्छतागृहाच्या तुटलेल्या कडीपर्यंत सगळे ती सांगते. ती कडी आराखड्यात आली आणि महिन्याभरात बसली, की पुढच्या सभेला ती न बोलावता येते. आपण सांगितलेले झाले, हा अनुभवच माणसाला बोलते करतो.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. शिक्षकांशी एवढे गोडीगुलाबीने वागायचे, तर मग जबाबदारीचे काय? जो गुरुजी वेळेवर येत नाही, ज्याच्या वर्गात चौथीतल्या मुलाला साधे वाक्य वाचता येत नाही, त्याच्याशीही सूतच जुळवायचे का? आक्षेप रास्त आहे. पण सूत जुळवणे आणि पांघरूण घालणे या दोन गोष्टी एक नव्हेत. कडू बोलण्याचा अधिकार मिळवावा लागतो; तो शेरेबुकातल्या लाल शाईतून मिळत नाही. वर्षभर येणारा, ऐकणारा, दिलेला शब्द पाळणारा माणूस जेव्हा दार लोटून घेऊन म्हणतो, “गुरुजी, हे बरोबर होत नाही,” तेव्हा ते आत कुठेतरी लागते. एकदाच येऊन, छायाचित्र काढून गेलेल्याचा शेरा दुसऱ्या दिवशी विसरला जातो. आणि इतके करूनही वर्ग रिकामाच राहत असेल, तर वरिष्ठांकडे तक्रार करायला कुणाची हरकत असण्याचे कारण नाही. तिथे मुलाचे हित आधी, नाते नंतर.

शब्द पाळण्याचा उल्लेख आला, तो जाणूनबुजून. शाळांना आश्वासनांची सवय झालेली आहे. “ग्रंथालय करून देऊ,” असे सांगून गेलेले पुन्हा न फिरकलेले पाहुणे जवळजवळ प्रत्येक शाळेच्या स्मरणात असतात, आणि त्यांच्यानंतर येणाऱ्याला त्यांचे कर्ज फेडावे लागते. तेव्हा थोडे बोलावे. आपण काय करू शकणार नाही, हे पहिल्याच भेटीत सांगावे. दहा पुस्तके देईन म्हटले, तर दहाच द्यावीत. पण सांगितलेल्या तारखेला द्यावीत. आणि काम संपवून जायचे झाले, तर तसे सांगून, निरोप घेऊन जावे. निधी संपला म्हणून एका सकाळी येणे बंद करणारी संस्था मुलांना काय शिकवून जाते, याचा विचार तिच्या अहवालात कुठेच येत नाही.

संवादाची तंत्रे शिकावीत, शिकवावीत. पण तंत्र हे आपली योजना दुसऱ्याच्या गळी उतरवण्याचे साधन झाले, की शाळा ते लगेच ओळखते. दीडशे वर्षे साहेब पाहिलेली ती संस्था आहे. आपण शाळेला बदलायला निघालो आहोत, तर शाळेकडून थोडे बदलून घेण्याचीही तयारी असली पाहिजे. ती असेल, तर शब्द थोडे चुकले तरी चालतात.