कावीळ दिसते आज, आलेली असते महिन्यापूर्वी

मेढ्याहून सकाळच्या एसटीने साताऱ्याला कॉलेजला येणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आणि साताऱ्यात खोली घेऊन मेसचा डबा खाणाऱ्यांनो, आज तुम्हाला एक साधा प्रश्न. काल दिवसभरात तुम्ही कुठलं कुठलं पाणी प्यायलात? घरून भरलेली बाटली स्टँडवरच संपली. मग कॉलेजचा कूलर, टपरीवरचा ग्लास, संध्याकाळी पाणीपुरी, वर उसाचा रस आणि त्यातला बर्फ. एवढं आठवलं, छान. आता बरोबर चार आठवड्यांपूर्वीचा दिवस आठवा. त्या दिवशी कुठं पाणी प्यायलात?

नाही आठवत ना? 'हिपॅटायटिस ए' या काविळीचा सगळा खेळ इथंच आहे. विषाणू पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण २८ दिवस जातात. कधी १५, तर कधी ५०. डोळे पिवळे होतात तेव्हा आपण काल काय खाल्लं याचा शोध घेतो आणि दोष बिचाऱ्या कालच्या वडापावला देतो. खरा गुन्हेगार महिन्यापूर्वीच येऊन गेलेला असतो. त्याहून वाईट म्हणजे, डोळे पिवळे होण्याच्या आधीचे दोन आठवडे रुग्णाच्या शौचातून विषाणू बाहेर पडत असतो. म्हणजे जो मित्र अजून आजारीच नाही, तो मेसमध्ये सगळ्यांना वाढतोय आणि त्याने हात साबणाने धुतले नसतील, तर तो नकळत आजारही वाढतोय.

'आमच्याकडं पाण्याला काय तोटा?' असं जावळीचा माणूस अभिमानाने म्हणतो. खरंच आहे. वेण्णा महाबळेश्वराच्या डोंगरात उगवते, मेढ्यावरून वाहत कण्हेर धरणात अडते आणि पुढं माहुलीला कृष्णेला मिळते. पण पाणी भरपूर असणं, थंड असणं आणि स्वच्छ दिसणं वेगळं. ते निर्जंतुक असणं वेगळं. हा विषाणू पाण्याचा रंग, वास, चव काहीच बदलत नाही. पाइप फुटलेला असेल आणि तो गटाराशेजारून जात असेल, तर नळाचं पाणी बंद असताना बाहेरची घाण आत ओढली जाते. पाणी सुटलं की पहिली कळशी तीच भरते.

हे आपल्याकडं घडत नाही असं समजू नका. कोल्हापूर जिल्ह्यात, इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली. हजारो लोक आजारी पडले, काहींचे जीव गेले. ती 'ई' प्रकारची कावीळ होती. 'ए'ची चुलत बहीणच म्हणा, कारण दोघींचा रस्ता एकच, शौचातून पाण्यात आणि पाण्यातून तोंडात. आणि २०२४ मध्ये केरळात, एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वेंगूरमध्ये नळाच्या पाण्यातून 'ए'ची साथ आली. दोनशेवर लोक आजारी पडले, तिथंही मृत्यू झाले. शिक्षण आणि आरोग्यात पुढं असलेल्या केरळात असं का व्हावं?

याचं उत्तर तुमच्या पिढीशी संबंधित आहे. पूर्वी बहुतेकांना ही कावीळ पाच-सहा वर्षांच्या आतच होऊन जायची. त्या वयात ती इतकी सौम्य असते की मुलाचे डोळेही पिवळे होत नाहीत. आई म्हणते, पोट बिघडलंय. एकदा होऊन गेली की जन्मभराचं संरक्षण मिळतं. आता घरोघरी संडास आले, फिल्टर आले, पाणी सुधारलं. चांगलंच झालं. पण त्यामुळं तुमच्यातले अनेक जण या विषाणूला कधीच न भेटता विशीत पोचलेत. घर सोडून मेस, हॉस्टेल, टपरी सुरू होते आणि पहिली भेट तिथं होते. मोठ्या वयात हाच आजार जोरात येतो. बहुतेक जण बरे होतात, पण अशक्तपणात कित्येक आठवडे जातात आणि क्वचित यकृत निकामीही होतं. 'आम्हाला काय होतंय' हे वाक्य म्हणूनच विशीतल्या पोरांनी जपून वापरावं.

'पण हिपॅटायटिसची लस लहानपणी घेतलीय की!' घेतली असेल, पण सरकारी लसीकरणात मिळते ती 'बी'ची. 'ए'ची लस त्यात नाही; ती वेगळी आणि विकत घ्यावी लागते. एका प्रकारच्या लशीचे सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस असतात, दुसऱ्या प्रकारचा साधारण एकच. आपल्या डॉक्टरांना विचारा. घरातल्या किंवा खोलीतल्या कुणाला ही कावीळ झाली असेल, तर दोन आठवड्यांच्या आत घेतलेली लसही बाकीच्यांना वाचवू शकते. नव्या मोबाइलच्या कव्हरआधी हा खर्च घरी बोलून बघायला हरकत नाही.

आता समजा, झालीच. आधी ताप, मळमळ, जेवणाचा वास नकोसा होणं, मग गडद लघवी आणि पिवळे डोळे. इथं आपल्या गावाकडं एक ठरलेली वाट आहे: कावीळ उतरवून घ्यायची. कुणी हातावर झाडाच्या सालीचा रस चोळून चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतं, पाणी पिवळं होतं आणि म्हणतात, बघा, कावीळ उतरली. कावीळ नसलेल्या मित्राचे हात धुवून बघा, पाणी तेवढंच पिवळं होईल. तो साल आणि चुना यांचा रंग आहे. गळ्यातली माळ रोज लांबते, कारण तिच्या ओल्या काड्या वाळून आकसतात आणि गाठी सैल होतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यात हे सांगावं लागू नये, पण लागतं.

बहुतेकांची ही कावीळ आपोआपच बरी होते, म्हणून श्रेय माळेला जातं. ज्या थोड्यांची बिघडते, त्यांचे मोलाचे दिवस मात्र त्या माळेत अडकतात. या विषाणूवर वेगळं औषध नाही हे खरं. विश्रांती, पुरेसं पाणी आणि पचेल ते जेवण हाच उपचार. पण रक्ताची तपासणी हवीच, कारण कावीळ 'ए'ची आहे की दुसरी कुठली आणि यकृत किती दुखावलंय, हे डोळ्यांच्या रंगावरून कळत नाही. हळद बंद, तेल बंद, नुसता उसाचा रस, असली पथ्यं लागत नाहीत. दारू पूर्ण बंद. पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरांना विचारूनच, कारण ते यकृतावरच येतं. 'यकृताची' म्हणून मिळणारी झाडपाल्याची औषधंही तशीच. आणि सतत उलट्या, रक्त येणं, गुंगी, बरळणं यातलं काहीही दिसलं तर रात्र काढू नका, त्याच वेळी मोठं हॉस्पिटल गाठा. आजारी असताना आणि कावीळ दिसल्यापासून निदान आठवडाभर इतरांसाठी स्वयंपाक करू नका.

टाळायचं कसं? शंका असेल ते पाणी खळखळून उकळा. बर्फाने विषाणू मरत नाही, उलट टिकतो. सॅनिटायझर या विषाणूवर फारसा चालत नाही. संडासनंतर आणि जेवणाआधी साबण आणि पाणीच लागतं.

एवढं तर प्रत्येकाने स्वतःपुरतं करायचं. पण साथ एकट्याने थांबत नाही, म्हणून या आठवड्यात दोन प्रश्न विचारा. कॉलेजच्या ऑफिसात आणि मेसच्या काकांना: टाकी शेवटची कधी धुतली? गावात जलसुरक्षकाला किंवा नगरपंचायतीत: टीसीएल पावडर रोज पडते का, आणि शेवटच्या नळापर्यंत क्लोरीन पोचतं का? ओटी चाचणीत नळाच्या पाण्यात थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. तुमच्या घरच्या नळाचं पाणी तपासून दाखवा म्हणा. प्रश्न विचारल्यावर कुणी हसेल, कुणी वैतागेल. हसू द्या. पाण्यात पिवळा रंग दिसलेला बरा. तो डोळ्यांत दिसेपर्यंत महिना उलटून गेलेला असतो.